'स्टे आणला' म्हणजे नेमके काय आणले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानांवर 'जमिनीच्या वादात कोर्टाचा स्टे' अशी बातमी वरचेवर असते. गावातही शब्द तोच: 'त्यानं स्टे आणला', 'आमचा स्टे उठला'. शब्द रुळला आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण त्यामुळे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात आणि पुढे पैसा व वर्षे दोन्ही घालवतात. स्थगिती मिळते ती एखाद्या हुकमाला. मंडल अधिकाऱ्याने मंजूर केलेला फेरफार प्रांतांनी अपिलात थांबवला, तर ती स्थगिती. मनाई मिळते ती माणसाला: अमक्याने अमुक गोष्ट करू नये. जमिनीच्या दिवाणी दाव्यात हाती पडते ती बहुतेक वेळा ही दुसरी गोष्ट, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खालचा तात्पुरता मनाई हुकूम. दाव्यासोबत दिलेल्या या अर्जाला निशाणी ५ असा क्रमांक पडतो, म्हणून कोर्टाच्या आवारात त्याचे नावच 'निशाणी पाच'.

मनाई माणसाला असते हे ध्यानात न आल्याने वादी हुकमाची नक्कल घेऊन थेट तलाठ्याकडे जातो आणि 'सातबारा बंद करा' म्हणतो. तलाठी दाव्यात पक्षकार नसतो, दुय्यम निबंधकही नसतो. दोघांना नक्कल देऊन पोच जरूर घ्यावी, पण तेवढ्यावर विसंबून झोपू नये. हुकूम किती उपयोगाचा आहे हे त्यातल्या शब्दांवर आणि तो प्रतिवादीच्या हातात कधी पडला यावर ठरते.

आणि शब्दांचीच तर रड आहे. दावा दहा वर्षे चालो की पंधरा, या काळात नांगर कोणाचा फिरणार हे निशाणी पाचवरच ठरते. असे असताना कित्येक हुकूम एका ओळीत संपतात: 'उभय पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी.' कोणती परिस्थिती? कोणत्या तारखेची? वादी म्हणतो ताबा माझा, प्रतिवादी म्हणतो माझा. दोघेही तोच कागद घेऊन घरी जातात आणि दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटते. आठवड्याने बांधावर हाणामारी होते, फौजदार तो कागद वाचतो आणि 'दिवाणी बाब आहे' म्हणून दोघांनाही परत पाठवतो. त्याचे चुकते असे म्हणता येत नाही, कारण कागदावर त्याला काही सांगितलेलेच नसते. हे पत्र त्या एका ओळीविरुद्ध आहे.

वाटपाच्या दाव्याचे उदाहरण घेऊ. समजा एक गट २ हेक्टर ४० आरचा. वडील वारले, वारस म्हणून दोन भाऊ आणि एक बहीण, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८० आर. सातबाऱ्यावर तिघांची नावे, पण कसतो एकटा थोरला. बहिणीने वाटपाचा दावा लावला आणि निशाणी पाचमध्ये मागितले की थोरल्याला जमिनीत पाऊल ठेवायला मनाई करावी. हे मिळत नाही, आणि मिळू नये. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा. ज्याची मालकी एक तृतीयांश आहे त्याला संपूर्ण जमिनीतून बाहेर काढण्याचा हुकूम तात्पुरता म्हणूनही टिकत नाही. असा अर्ज फेटाळला जातो आणि गावात बोभाटा होतो की 'बहिणीची केस पडली'. केस पडलेली नसते, मागणी चुकलेली असते.

मग काय मागावे? थोरल्याने जमीन विकू नये, गहाण टाकू नये, बक्षीसपत्र वा साठेखत करू नये. नवी विहीर, बोअर, बांधकाम करू नये. गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडू नयेत. झाडे तोडू नयेत. मुरूम उचलू नये. यातला शेवटचा मुद्दा अर्जात बहुतेक वेळा राहून जातो, आणि खरे भरून न येणारे नुकसान तिथेच असते. खरेदीखत पुढे रद्द ठरवता येते. उपसून नेलेला मुरूम आणि त्यावरची सुपीक माती परत येत नाही. पिकाच्या उत्पन्नाबद्दल मनाई मागण्यापेक्षा हिशेब मागावा. ऊस असेल तर आपल्या हिश्श्याचे बिल निकालापर्यंत कोर्टात जमा करण्याची मागणी करता येते. वाद फारच विकोपाला गेला तर आदेश ४० खाली रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला कोर्टाचा माणूस, नेमण्याची तरतूद आहे, पण रिसीव्हरच्या ताब्यातली शेती कशी होते हे ज्यांनी पाहिले आहे ते ती मागणी सहसा करत नाहीत.

एक गोष्ट प्रतिवाद्यांनाही सांगायला हवी. आदेश ३९ च्या नियम १ मधील (पुढेही नुसता 'नियम' म्हटला तर तो याच आदेशातला) पहिला प्रकार, म्हणजे वादातील मिळकत नासधूस होण्याच्या किंवा विकली जाण्याच्या धोक्यात असणे, हा 'कोणत्याही पक्षकाराकडून' अशा शब्दांत आहे. वाटपाच्या दाव्यात तर प्रत्येक जण आपला हिस्सा मागणाराच असतो. वादीच गुपचूप आपला भाग विकत असेल तर प्रतिवादीही त्याच दाव्यात मनाई मागू शकतो. वेगळा दावा लावण्याची गरज नसते.

विक्रीच्या मनाईला एक ठरलेले उत्तर मिळते: 'मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ आहेच, दावा चालू असताना घेणारा निकालाला बांधलेला असतो, मग मनाई कशाला?' उत्तर बिनतोड वाटते. मात्र महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. न नोंदवता कलम ५२ वर भिस्त ठेवली तर पाया लंगडा पडतो. त्या नोटिशीत कोर्टाचे नाव, पक्षकार, दावा क्रमांक, दाखल तारीख आणि मिळकतीचे वर्णन येते. खरेदीदाराचा वकील जुने दस्त शोधायला बसतो तेव्हा ही नोंद त्याच्या नजरेस पडते आणि व्यवहार तिथेच थांबतो. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात हे काम करावे. मनाई मिळाली तरी करावे, नाही मिळाली तर आधी करावे.

विक्रीचा धोका आहे एवढे म्हणून भागत नाही, तो दाखवावा लागतो. इथे आपल्याच दैनिकाचा संबंध येतो. खरेदीदाराचे वकील छापतात ती 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' ही जाहीर नोटीस म्हणजे विक्री ठरल्याचा सर्वांत पक्का पुरावा. तिचे कात्रण कापून आणणारे पुष्कळ असतात. कात्रणावर ना तारीख असते ना दैनिकाचे नाव. पूर्ण पान जपून ठेवावे आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदणीकृत टपालाने पाठवावी. हरकतीची पोच आणि ते पान ही जोडी निशाणी पाचवर दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त बोलते.

अविभक्त हिस्सा विकताच येत नाही, असा एक समज आहे. मिताक्षरा या हिंदू एकत्र कुटुंबाच्या परंपरागत कायद्याच्या मुंबई शाखेत सहदायकाला, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हिस्सा असणाऱ्याला, मोबदल्यासाठी आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. मात्र घेणाऱ्याला मिळतो तो वाटपाचा दावा लावण्याचा हक्क. नेमका पूर्वेकडचा विहिरीचा तुकडा त्याचा होत नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहून दिली म्हणूनही होत नाही. अशा खरेदीदाराने ट्रॅक्टर घालून बांध फोडायला सुरुवात केली, तर त्याच्याविरुद्ध ताब्याबद्दलची मनाई मिळण्याची शक्यता सख्ख्या भावाविरुद्धच्या मनाईपेक्षा बरीच जास्त. राहत्या घराला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ चे खास संरक्षण आहे: कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. मुंबईहून गेलेल्या दोराब कावसजी वॉर्डन खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावर, दाव्याच्या मध्यावरही, खरेदीदाराला घराबाहेर काढणारा तात्पुरता आज्ञार्थी हुकूम पुन्हा लागू केला. असा हुकूम अपवादानेच मिळतो, पण मिळतो.

आता तोंडी वाटणी. 'वडील असतानाच वाटण्या झाल्या, ज्याचे त्याचे तुकडे वेगळे', हा प्रतिवादीचा ठरलेला बचाव. पुराव्याला बहुधा स्टँप पेपरवरचे न नोंदवलेले वाटणीपत्र आणि पाच पंचांच्या सह्या. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ६ च्या अर्थाने वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडी वाटणी केवळ अपवादात्मक प्रकरणी, आणि तीही सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच मानावी. म्हणून प्रतिवादीने पंचांची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यात वेळ घालवू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचा वाटपाचा आदेश, त्यावरून पडलेला फेरफार, वेगळे झालेले पोटहिस्से, वेगवेगळी पीककर्जे, प्रत्येकाच्या विहिरीचे स्वतंत्र वीजजोड, हे कागद आधी शोधावेत. बहिणीच्या बाजूने बोलायचे तर, हक्कसोड पत्र दिले असेल तर ते दाव्यात लपवू नये. चेंगलवराय नायडू खटल्यात (१९९४) नेमके हेच झाले होते. दावा वाटपाचाच, दडवलेला दस्त हक्कसोडीचाच. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा निकाल, मिळाला, आणि तो फसवणुकीने मिळवलेला म्हणून सर्वोच्च न्यायालयात निरर्थक ठरला. निशाणी पाचवर तर नियम ४ आणखी सरळ आहे: महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून, समोरच्याला नोटीस न देता हुकूम मिळवला असेल तर कोर्टाने तो उठवायचाच, फक्त न्यायासाठी तसे करणे आवश्यक नाही असे वाटल्यास कारणे लिहून ठेवायची.

वाटपाचा नसून निव्वळ मालकीचा वाद असेल तर सगळे गणित ताब्यावर येते. अर्ज तीन कसोट्यांवर तपासला जातो: सकृद्दर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. दलपतकुमार विरुद्ध प्रल्हादसिंग या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात यातली पहिली कसोटी नीट उलगडली आहे: सकृद्दर्शनी बाजू म्हणजे सकृद्दर्शनी मालकी नव्हे, चौकशी व्हावी असा खरा प्रश्न प्रामाणिकपणे उभा राहिला म्हणजे पुरे. तरीही वकील मंडळी निशाणी पाचवर तीन पिढ्यांची मालकी वाचत बसतात आणि ताब्याचा एक कागद जोडत नाहीत. समोरच्याने मालकीवरच गंभीर शंका घेतली असेल तर केवळ मनाईचा दावा अपुरा पडतो, मालकी जाहीर करून मागावी लागते. अनाथुला सुधाकर (२००८) या निकालाने ही रेषा स्पष्ट आखली आहे. आणि ताबाच गेला असेल तर मनाई मागून उपयोग नाही, ताबा परत मागावा. बेकायदा हुसकावून लावल्यापासून सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावता येतो आणि त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही. सातव्या महिन्यात येणाऱ्या पक्षकाराला हा सोपा रस्ता बंद झालेला असतो.

शहरात राहणाऱ्यांची एक भीती अशी की चुलतभावाला 'बघायला' दिलेली जमीन आता त्याचीच होणार. मारिया मार्गारिदा सेक्वेरा फर्नांडिस या गोव्यातून गेलेल्या खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राखणदार, नोकर किंवा आपलेपणाने ठेवलेला नातेवाईक कितीही वर्षे राहिला तरी त्या राहण्यातून त्याला हक्क मिळत नाही, आणि असा माणूस मनाईचे संरक्षणही मागू शकत नाही. मात्र जमीन आपणच 'बघायला' दिली याचा काही तरी कागद हवा. साधे पत्र, खतासाठी पाठवलेल्या पैशांची बँकेतली नोंद, काहीही.

ताब्याच्या कागदांत सातबाऱ्याचा मान मोठा, पण तो हक्काचा दाखला नाही. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, एवढेच महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते. एकच ताजा सातबारा जोडून भागत नाही. मागच्या दहा-बारा वर्षांची पीकपाहणी सलग हवी. दाव्याच्या तोंडावर अचानक बदललेली नोंद न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि खातेदार स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. सोय चांगली आहे, पण सामाईक खात्यात जो आधी नोंदवेल त्याचे पीक दिसते. त्यामुळे या नोंदीला कारखान्याची ऊसनोंद, पाटबंधाऱ्याची पाणीपट्टी, सोसायटीचे पीककर्ज, विहिरीच्या मोटारीचे वीजबिल अशी जोड हवी. खत दुकानाची बिले शेवटी जोडावीत. ती कोणाचीही मिळतात.

चतुःसीमेबद्दल थोडे सविस्तर, कारण निम्मे अर्ज इथेच गडबडतात. जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. खरेदीखत १९६० चे असेल तर त्यात जुना सर्व्हे नंबर आणि जुने शेजारी. सातबाऱ्यावर नवा गट. आणि दाव्यात वकिलाच्या कारकुनाने दोन्हींतून जुळवलेली तिसरीच चतुःसीमा. आदेश ७ नियम ३ सांगतो की मिळकत ओळखता येईल असे वर्णन दाव्यात हवे. पूर्वेला ओढा म्हटले असेल आणि जागेवर ओढा उत्तरेला वाहत असेल तर मनाई मिळूनही अंमल होत नाही, कारण हुकमातली जमीन जागेवर सापडतच नाही. जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा, गट नकाशा आणि शक्य असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी घ्यावी. एकराच्या भाषेत विचार करणाऱ्यांनी हेही पाहावे की गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. दहा एकरांत, म्हणजे ४०० गुंठ्यांत, हा फरक सुमारे पावणेपाच गुंठ्यांचा होतो, आणि बांधावरच्या भांडणाला एवढे पुरते.

बांध कोरल्याचा वाद असेल तर आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना मोजणीचे काम देता येते. ताबा कोणाचा हे ठरवायला कमिशनर नेमत नाहीत, तो पुराव्याचा प्रश्न. पण जागेवर आज काय आहे, पत्र्याची शेड किती बाय किती, पाया जोत्यापर्यंत आला की खाली आहे, विहीर कोणत्या हद्दीत, हे तो सांगू शकतो. आमच्या मते 'जैसे थे' द्यायचेच असेल तर आधी पंधरा दिवसांत हा अहवाल आणि फोटो मागवावेत, आणि हुकमात 'अमुक तारखेच्या कमिशनर अहवालात नमूद स्थिती' असे लिहावे. मग त्याच ओळीला अर्थ येतो.

आता एकतर्फी हुकमाविषयी. समोरच्याला नोटीस न देता मनाई देणे हा अपवाद. तसे द्यायचे तर नोटिशीने विलंब होऊन हेतूच हरेल, याची कारणे कोर्टाने लिहावी लागतात; शिवकुमार चढ्ढा (१९९३) निकालाने हे सक्तीचे ठरवले आहे. अर्जदाराने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदांच्या प्रती समोरच्याला ताबडतोब द्यायच्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायच्या आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. हे दुसरे प्रतिज्ञापत्र विसरले जाते आणि चांगला हुकूम त्या एका चुकीपायी उठतो. नियम ३-अ प्रमाणे असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा, नाही जमले तर कारण नोंदवावे. प्रत्यक्षात 'म्हणणे दाखल', 'प्रतिम्हणणे', 'युक्तिवादासाठी मुदत' अशा तारखा पडत जातात. व्यंकटसुब्बय्या नायडू (२०००) या निकालाने मार्ग दाखवला आहे: तीस दिवस उलटूनही अर्ज लटकला तर बाधित पक्षकार त्या एकतर्फी हुकमाविरुद्ध थेट अपील करू शकतो. तालुक्याच्या कोर्टांत ही वाट फारच थोडे जण वापरतात.

'पुढील तारखेपर्यंत' हे दोन शब्दही घात करतात. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर असतात, रोजनाम्यात फक्त नवी तारीख पडते आणि मुदतवाढीचा अर्ज कोणी दिलेलाच नसतो. तेवढ्या फटीत खरेदीखत नोंदले जाते. न्यायाधीश रजेवर असले तरी प्रभारी न्यायालयापुढे मुदतवाढीचा अर्ज देता येतो. तो द्यायलाच हवा. ज्याला उलट बाजूची भीती आहे त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये' असा अर्ज, दाखल करावे (पुढे कायदा न सांगता आलेली कलमे याच संहितेची). ते दाखल केल्यापासून नव्वद दिवस चालते, मग नवे द्यावे लागते, आणि त्याची नोटीस संभाव्य अर्जदाराला पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने द्यावी लागते. नेहमीची चूक अशी की कॅव्हेट कनिष्ठ स्तर न्यायालयात असते आणि दावा मूल्यांकनामुळे वरिष्ठ स्तराकडे दाखल होतो. शंका असेल तर दोन्हीकडे द्यावे.

पुष्कळदा प्रतिवादीचा वकील पुरशीस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, देतो: 'कायदेशीर मार्गाखेरीज वादीच्या ताब्यास हरकत करणार नाही.' वादी खूश होतो आणि अर्ज निकाली निघतो. या वाक्यात 'वादीचा ताबा' मान्य झाला आहे का, की 'असल्यास' हा शब्द मध्येच घुसला आहे, हे वाचून घ्यावे. विक्रीबद्दल पुरशीस गप्प असेल तर ती मनाईची जागा घेत नाही.

हुकूम मोडला तर? नियम २-अ खाली मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जप्ती एका वर्षापर्यंत राहते. तरीही अवज्ञा चालू राहिली तर मिळकत विकून भरपाई देता येते. पण त्यासाठी हुकमाची माहिती प्रतिवादीला होती हे सिद्ध करावे लागते, म्हणून बेलिफाचा बजावणी अहवाल आणि नक्कल दिल्याची पोच जपावी. आणि मोडले काय हे हुकमातच स्पष्ट नसेल तर शिक्षा होत नाही, म्हणजे पुन्हा त्याच ओळीशी आलो. अंमलबजावणीला पोलीस मदत हवी असेल तर ठाण्यात भांडण्याऐवजी कोर्टाकडेच कलम १५१ खाली अर्ज द्यावा. मनाई मोडून केलेल्या हस्तांतरणाचे काय होते याचे उत्तर सुरजितसिंग विरुद्ध हरबन्ससिंग (१९९५) या निकालात आहे. तोही वाटपाचाच दावा होता, आणि मनाई असताना केलेल्या हस्तांतरणाला न्यायालयाने मान्यता नाकारली.

'सहा महिने झाले, स्टे आपोआप उठला' असे अजूनही ऐकू येते. मुळात एशियन रिसर्फेसिंग (२०१८) हा निकाल वरिष्ठ न्यायालयांनी खालचे कामकाज थांबवण्यासाठी दिलेल्या स्थगितीविषयी होता, आणि तो आपोआप उठण्याचा नियमही पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केला. मनाई मोडण्याचे धाडस या गैरसमजावर करू नये. तसेच कलम ९-अ चा जुना डाव, म्हणजे अधिकारक्षेत्राचा मुद्दा आधी काढून निशाणी पाच वर्षानुवर्षे अडवून ठेवायची, ती महाराष्ट्राची खास तरतूद २०१८ साली रद्द झाली. तेवढे बरे झाले.

निशाणी पाचच्या हुकमाविरुद्ध आदेश ४३ नियम १ खाली जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत अपील होते. त्यापुढे दुसरे अपील नाही. उरतो तो उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालचा अर्ज. अपिलात सगळा पुरावा नव्याने तोलला जात नाही, खालच्या न्यायाधीशांनी आपला विवेक मनमानी पद्धतीने वापरला का, एवढेच पाहतात. राहिलेला कागद अपिलात जोडू असे म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवून नुकसान केले तर कलम ९५ खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. आजच्या जमिनीच्या भावात ही रक्कम किती केविलवाणी आहे ते सांगायला नको. म्हणूनच नियम २ मध्ये जामीन, हिशेब, मुदत अशा अटी घालण्याचा जो अधिकार आहे, तो न्यायालयांनी अधिक वापरावा असे आम्हांला वाटते.

वाटपाच्या दाव्यात शेवटचा खड्डा प्राथमिक हुकूमनाम्याच्या दिवशी असतो. मनाई 'दावा निकाली निघेपर्यंत' अशी असते. प्राथमिक हुकूमनामा झाला की प्रतिवादी म्हणतो दावा निकाली निघाला. खरे तर सरकारी आकार असलेल्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदार आणि भूमी अभिलेखकडे तेव्हा कुठे निघायचे असते. मोजणी, तक्ता, ताबा, यात वर्षे जातात, आणि विक्रीचा मोह याच काळात सर्वांत मोठा, कारण हिस्सा आता कागदावर ठरलेला असतो. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता अंतिम हुकूमनाम्याकडे जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये कट्टुकंडी खटल्यात दिवाणी न्यायालयांना सांगितले आहे. तरीही वादीने युक्तिवादातच मागून घ्यावे की मनाई प्रत्यक्ष वाटप होऊन ताबा मिळेपर्यंत चालू राहील.

चांगला हुकूम दिसतो कसा, तर असा: 'प्रतिवादी क्र. १ व २ यांनी स्वतः किंवा त्यांच्यातर्फे कोणीही, मौजे अमुक येथील गट क्र. तमुक, क्षेत्र २ हेक्टर ४० आर, या मिळकतीची विक्री, गहाण, बक्षीस वा साठेखत करू नये. तीत नवे बांधकाम, विहीर, बोअर वा उत्खनन करू नये. अमुक तारखेच्या कमिशनर अहवालात दर्शविलेल्या वहिवाटीत बदल करू नये. वाटप होऊन ताबा मिळेपर्यंत.' चार ओळी. लिहायला पाच मिनिटे जास्त लागतात, पण त्या वाचून फौजदारालाही कळते की कोणाला अडवायचे.

संपादक महाशय, आपल्या वार्ताहरांकडे एवढीच मागणी आहे की 'कोर्टाचा स्टे' छापताना हुकूम कोणाला आहे, कोणत्या कृतीला आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे तीन तपशील नकलेवरून पाहून छापावेत. नक्कल मिळाली नसेल तर बातमी एक दिवस थांबली तरी चालेल.

आपले,
तालुका व जिल्हा न्यायालयांत जमिनीचे दावे चालवणारे काही वकील